गेम टेस्टिंगची कंत्राटी नोकरी, मालाड, नाईट शिफ्ट: सही करण्याआधी काय तपासायचं?

ठाकुर्लीकर

धाकट्या भावाला (बीएस्सी आयटी, नुकताच पास) गेम टेस्टरची ऑफर आली आहे. ऑफिस टेस्टिंग व्हेंडरचं, मालाडला माइंडस्पेसच्या बाजूला. पगार मात्र व्हेंडर देणार नाही. तो अंधेरीची एक मनुष्यबळ पुरवणारी कंपनी देणार, आणि ऑफर लेटरही तिच्याच लेटरहेडवर आहे.

अटी थोडक्यात: मुदत ११ महिने, "प्रोजेक्ट संपल्यास ७ दिवसांच्या नोटिशीने करार संपुष्टात". सीटीसी महिना २२,०००. शिफ्ट फिरती, सुरुवातीला रात्री ९ ते सकाळी ६. आठवड्याला किती दिवस ते लिहिलेलंच नाही, "प्रोजेक्टच्या गरजेनुसार" एवढंच. "मासिक वेतनात जादा कामाचा मोबदला समाविष्ट आहे" असं एक वाक्य आहे. ६ महिन्यांच्या आत सोडल्यास ५०,००० रुपये भरायचे. वर गोपनीयतेचा वेगळा करार.

दिवसभर गेम खेळायचे पैसे मिळतात अशा भ्रमात तो नाही, काम काय असतं ते त्याला माहीत आहे. विचारायचं ते असं: प्रत्यक्षात तास किती भरतात आणि का? हातात किती येतील? ओव्हरटाइमचं ते वाक्य चालतं का? आणि अकरा महिन्यांनी या अनुभवाला बाहेर काय किंमत? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

रेप्रोपंचक

तासांपासून सुरू करू, बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे.

आधी साखळी बघा. गेमचा प्रकाशक किंवा स्टुडिओ अमेरिकेत नाहीतर युरोपात. तो व्हेंडरला बहुतेक वेळा टेस्टरच्या तासामागे दर देतो. व्हेंडर माणसं मनुष्यबळ कंपनीकडून घेतो. काम कधी सुरू होणार हे मात्र वरच्याच्या बिल्डवर (गेमची तपासायला पाठवलेली ताजी आवृत्ती) ठरतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी १० ला बिल्ड निघाली, तर उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे १०:३० झालेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, मग तीच बिल्ड ११:३० ला, ते थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. इथली शिफ्ट आणि कॅबचं रोस्टर त्याप्रमाणे सरकवलं नाही, तर ९ ची शिफ्ट सुरू होऊन पहिले अडीच तास हातावर हात, आणि सकाळी ६ ला "एवढं संपवूनच जा". हिवाळ्यात शिफ्ट किती ते किती असते हे मुलाखतीतच विचारून घ्यावं.

बिल्ड निघाली म्हणजे किटवर (टेस्टिंगसाठीचा कन्सोल) आली असंही नाही. ९० जीबीची बिल्ड आणि २०० एमबीपीएसची लाईन असेल तर एका किटला साधारण एक तास. दहा किट एकदम त्याच लाईनवर ओढायला लागली की दहा तास, म्हणजे अख्खी शिफ्ट गेली. नीट चालवलेल्या जागी बिल्ड एकदाच ऑफिसातल्या सर्व्हरवर उतरवतात आणि तिथून गिगाबिट केबलने वाटतात. मग एका किटचं काम बारा-पंधरा मिनिटांत होतं. "बिल्ड लोकल सर्व्हरवरून मिळते का?" हा प्रश्न विचारा, उत्तरावरून व्हेंडर कसा आहे ते निम्मं कळतं.

त्यानंतर स्मोक टेस्ट: गेम सुरू होतो का, नवीन खेळ, जुना सेव्ह, पहिली लेव्हल, बाहेर पडून परत आत. यात क्रॅश झाला की बिल्ड परत, आणि सगळे पुन्हा वाट बघत. हा वाट बघण्याचा वेळ टाइमशीटवर कोणत्या कोडखाली टाकायचा, हा खरा वादाचा मुद्दा. प्रकाशकाला तो बिलात नको असतो, म्हणून काही लीड "ब्रेक म्हणून टाका" सांगतात. टाकू नका. एकदा ब्रेक म्हणून नोंदलं की तास कमी पडले म्हणून शनिवारी बोलावतात. बिल्डची वाट बघणं हे कामच आहे. त्याचा वेगळा कोड मागा. नसेल तर शेऱ्यात लिहा: "बिल्ड अमुक वाजता मिळाली".

क्रंच (मुदत गाठायला जादा तासांची धावपळ) कधी येतो हेही आधी सांगता येतं. कन्सोलवर गेम आणायचा तर सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो यांची मंजुरी लागते. सोनीची यादी टीआरसी, मायक्रोसॉफ्टची एक्सआर आणि निन्टेन्डोची तपासणी लॉटचेक. त्यात गेम चांगला आहे की वाईट हे कोणी बघत नाही. कंट्रोलर मध्येच तुटला तर काय होतं, सेव्ह चालू असताना जागा संपली तर काय, नेटवर्कची केबल उपटली तर संदेश कोणता येतो, कन्सोल झोपवून उठवला तर खेळ तिथूनच चालू होतो का, असल्या गोष्टी तपासतात. एक जरी अट चुकली तरी दुरुस्ती करून पुन्हा पाठवावं लागतं, आणि बाजारात यायची तारीख तर जाहीर होऊन बसलेली असते. त्या आधीच्या चार-सहा आठवड्यांत तास फुगतात.

तिकडचा मोठा हंगाम नाताळचा. म्हणजे गेम ऑक्टोबर-नोव्हेंबरला दुकानात, म्हणजे मंजुरीची धावपळ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. आपल्याकडे गणपती नेमके तेव्हाच. गौरी-गणपतीची रजा हवी असेल तर अर्ज जूनमध्ये, ईमेलवर. तोंडी "बघू" चा अर्थ नाही असाच घ्यायचा.

मुंबईपुरता आणखी एक मुद्दा. रात्री ९ ते ६ ही शिफ्ट प्रवासाला वाईट नाही, सकाळी सहाला गाड्या असतात. फिरत्या शिफ्टमध्ये संध्याकाळी ६ ते पहाटे ३ लागली की पंचाईत, कारण रात्री एकच्या सुमारास शेवटची लोकल गेली की चारच्या पुढेपर्यंत काही नाही. मालाडहून ठाकुर्लीला रिक्षा परवडणारी नाही. कॅब "मुलींसाठीच" असं सांगतील. मग किमान पहिल्या लोकलपर्यंत बसायला जागा, आणि तो वेळ पंचिंगमध्ये कसा धरतात, हे दोन्ही विचारा.

पगारपत्रक

मी कागदांबद्दल लिहिते.

सीटीसी २२,००० म्हणजे ग्रॉस साधारण २०,०००. बेसिक १०,००० धरलं तर कंपनीचा पीएफ १,२००, त्यावर प्रशासन शुल्क आणि विमा मिळून १००, ईएसआयचे (सरकारी कामगार विमा) ३.२५ टक्के म्हणजे ६५०. बेरीज २१,९५०. भावाच्या बाजूने पीएफ १,२००, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १५०, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १८,४५०.

पण पगाराचा ब्रेकअप मागून बघा. बेसिक १०,०००, घरभाडे ५,००० आणि विशेष भत्ता ५,००० असं असेल, तर पीएफ नुसत्या बेसिकवर कापणं बरोबर नाही. सगळ्यांना सरसकट मिळणारा विशेष भत्ता पीएफसाठी बेसिकसारखाच धरायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१९ चा निकाल आहे. मग १५,००० वर १,८०० कापले जातील आणि कंपनीलाही तेवढेच भरावे लागतील. सीटीसी ठरलेली असल्याने कंपनीचा वाटाही त्यातूनच जातो, म्हणजे हातातली रक्कम हजारभराने खाली येईल. खात्यात मात्र जास्त पडेल. नाराज व्हायचं कारण नाही.

ईएसआय फुकट जातो असं पोरांना वाटतं. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याला तो असतोच, आणि या पगारात रात्रपाळी करणाऱ्यासाठी तो मेडिक्लेमपेक्षा बरा. सहा महिन्यांच्या अंशदान काळात ७८ दिवस भरले असतील तर पुढे आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. रुजू झाल्यावर ई-पहचान कार्ड काढून घ्या आणि दवाखाना कामाजवळचा नको, घराजवळचा निवडा.

या पगारातून पीएफ-ईएसआय काहीच न कापता सरळ १० टक्के टीडीएस कापला, तर सावध. तो पगार नव्हे, व्यावसायिक फी. कागदोपत्री तुमचा भाऊ कर्मचारीच नाही, सल्लागार आहे, आणि खाली लिहिलंय त्यातलं फारसं काही त्याला लागू होणार नाही. "अप्रेंटिस" हा शब्द दिसला तरी तेच. शिकाऊ उमेदवाराला पीएफ नाही आणि दुकाने-आस्थापना कायद्यातल्या "कामगार" या व्याख्येतूनही तो बाहेर आहे.

आता "वेतनात जादा कामाचा मोबदला समाविष्ट". हे वाक्य टिकत नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये मुळात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांच्या वर काम घेतलं की दर दुप्पट, आणि तीन महिन्यांत १२५ तासांपेक्षा जास्त ओव्हरटाइम घ्यायचा नाही, असं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तास आणि तिमाहीची १४४ तास करायला मंजुरी दिली, दुप्पट दर मात्र तसाच ठेवला. सलग काही तासांनंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि त्या दिवशी बोलावलं तर दोन महिन्यांच्या आत बदली रजा. शिवाय वर्षाला ८ नैमित्तिक रजा आणि ८ सणांच्या सुट्ट्या पगारी.

हिशोब करून दाखवते. २०,००० भागिले २६ दिवस भागिले ८ तास म्हणजे तासाला ९६ रुपये, दुप्पट १९२. क्रंचमध्ये आठवड्याला ६० तास, असे पाच आठवडे गेले तर ६० तास जादा, म्हणजे ११,५२० रुपये. अर्ध्या पगाराहून जास्त रक्कम त्या एका वाक्याने गिळायची असते. आणि आठवड्याला १२ तास जादा असं तीन महिने चाललं तर १५६ तास होतात, म्हणजे पैसे दिले तरी मर्यादा मोडलीच. काही कंपन्या दुप्पट दर फक्त बेसिकवर काढतात, तेव्हा कोणत्या आकड्यावर काढणार हे लेखी विचारा.

मुली वाचत असतील तर: रात्री ९:३० ते सकाळी ७ काम घ्यायला तुमची संमती लागते आणि ऑफिसातून घराच्या दारापर्यंत वाहन कंपनीने द्यायचं असतं. "स्टेशनपर्यंत सोडतो" हे दार नव्हे.

आता ११ महिने का? मुदतीच्या करारावर एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी लागू होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली, त्यात हे आहे. अकरा महिन्यांनंतर पंधरा दिवस घरी बसवून पुन्हा घेतात त्यामागे हेही कारण असू शकतं. मधल्या काळात भावाला "अनौपचारिक" कामाला बोलावलं तर त्याचे ईमेल जपून ठेवा. खंड खोटा होता हे दाखवायला तेच लागतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मालक कोण? मनुष्यबळ कंपनीने पगार थकवला तर मुख्य नियोक्ता म्हणून जबाबदारी मालाडच्या व्हेंडरवर येते. परदेशातल्या प्रकाशकापर्यंत इथला कामगार अधिकारी पोचणार नाही, तिकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. म्हणून नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण म्हणून व्हेंडरचं नाव आणि पत्ता स्पष्ट हवा. नुसतं "क्लायंट लोकेशन" लिहिलं असेल तर दुरुस्त करून घ्या. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मुख्य कामाला कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे आणि टेस्टिंग हे टेस्टिंग कंपनीचं मुख्य काम नाही तर काय, पण अपवाद एवढे रुंद आहेत की त्यावर विसंबू नका.

सही करण्याआधी ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) साइटवर "एस्टॅब्लिशमेंट सर्च" मध्ये त्या मनुष्यबळ कंपनीचं नाव टाका. कोणत्या महिन्याचा भरणा कोणत्या तारखेला केला आणि किती जणांचा, ते दिसतं. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. दर महिन्याला उशीर दिसला, किंवा शंभरेक लोक कामाला असल्याचं सांगतात आणि भरणा वीसेक जणांचा, तर ऑफर कितीही गोड असली तरी सोडा.

मीठभाकर

वरचं सगळं बरोबर, पण व्यवहार बघा. अकरा महिन्यांच्या करारावरच्या फ्रेशरने पहिल्याच महिन्यात कायदा काढला की पुढच्या यादीत त्याचं नाव नसतं. दुसरं पोरगं तयार उभं असतं. ओव्हरटाइमचा हट्ट धरण्यापेक्षा अनुभव घ्यावा आणि बाहेर पडावं.

पगारपत्रक

@मीठभाकर, भांडा असं मी कुठे म्हटलं? नोंद ठेवा म्हणते. पंचिंगचा महिन्याचा रिपोर्ट स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवायला गोपनीयतेच्या करारात मनाई असू शकते, म्हणून आत-बाहेरच्या वेळा घरच्या वहीत तारखेनिशी लिहा. गेमचं नाव, बिल्डचा नंबर, स्क्रीनचा फोटो काहीही नको, फक्त वेळा. शनिवारी बोलावलं की लीडला एक ओळीचा मेसेज: "उद्या ९ ला येतोय, बदली रजा कधी घेऊ?" यात भांडण नाही, पण बोलावल्याचा पुरावा झाला. वसुलीचं करारानंतरही बघता येतं, नोंद मात्र नंतर तयार करता येत नाही.

तक्रार करायची वेळ आलीच तर मुंबईत दुकाने-आस्थापनांचं काम पालिकेच्या वॉर्डातल्या त्या खात्याकडे, वेतनाचं कामगार आयुक्तांकडे, म्हणजे बीकेसीतल्या कामगार भवनात. पीएफची तक्रार ऑनलाइन, ईपीएफआयजीएमएसवर. ऐरोली-महापे म्हणजे पालिकेची हद्द संपली, तिथे राज्याचं कामगार खातं. अर्ज मनुष्यबळ कंपनी आणि व्हेंडर अशा दोघांच्या नावे करा, एकाच्या नावे केला की दोघं एकमेकांकडे ढकलतात.

ठाकुर्लीकर

दोघांचे मनापासून आभार. पगारपत्रकताई, विशेष भत्ता ६,००० निघाला, तेव्हा पीएफ भत्ता धरूनच कापला जाईल असं दिसतं. आणखी एक समजलं: त्याला तोंडी सांगितलंय की "दिवसाला किमान ८ बग टाकावे लागतील". हे सगळीकडे असतं का? आणि पुढच्या वाटेबद्दल कोणी लिहिलं नाही.

सबमिशन

बगचा कोटा ही वाईट व्यवस्थापनाची खूण आहे. प्रोजेक्टच्या सुरुवातीला दिवसाला ८ काय, २० मिळतील. मंजुरीच्या तोंडावर दोन मिळाले तरी डोक्यावरून पाणी. कोटा ठेवला की काय होतं? झाडाचं पान भिंतीतून आरपार जातंय असले बग पडतात, एकच बग पाच लेव्हलमध्ये पाच वेळा टाकला जातो, आणि तीन तास खर्चून पकडायचा दुर्मिळ क्रॅश कोणी शोधतच नाही, कारण तो मोजताना एकच. शेवटी डेव्हलपर वैतागून त्या टीमचे बग वाचायचे बंद करतो.

त्यामुळे "बग किती" यापेक्षा "परत किती आले" हे विचारा. परत येण्याचे प्रकार वेगळे आहेत. "आणखी माहिती हवी" आणि "रेप्रो होत नाही" (सांगितलेल्या पायऱ्यांनी बग पुन्हा दिसत नाही) हे बहुतेक वेळा टेस्टरच्या लिहिण्याचे दोष. "डुप्लिकेट" हा अर्धा टेस्टरचा, अर्धा डेटाबेसमध्ये धड शोधता येत नसल्याचा. "दुरुस्त करणार नाही" हा टेस्टरचा दोष अजिबात नाही, वेळ आणि पैशाचा निर्णय तो. हा शेवटचा प्रकारही टेस्टरच्या नावावर उणे धरत असतील तर मूल्यमापन लबाडीचं आहे.

चांगला बग कसा दिसतो, त्याचं उदाहरण. वाईट: "पॉज मेन्यू कधी कधी अडकतो." चांगला: "ऑटोसेव्हचं चिन्ह फिरत असताना कंट्रोलर तुटून परत जोडला तर पॉज मेन्यूचे दोन थर उघडतात, मागे जायचं बटण दाबल्यावर एकच बंद होतो, खेळ गोठलेला राहतो." मग पायऱ्या: कोणता सेव्ह, कोणता चेकपॉइंट, चिन्ह दिसल्यापासून किती सेकंदांत कंट्रोलर बंद केला. रेप्रो ५ पैकी ४. बिल्डचा नंबर, किटचा प्रकार, भाषा, प्रोफाइल साइन-इन होतं की नव्हतं. व्हिडिओ २० सेकंदांचा, दहा मिनिटांचा नको. आणि शेवटी एक ओळ जी नवखे विसरतात: आधीच्या बिल्डमध्ये हे होत होतं का? ती ओळ असली की डेव्हलपरचा अर्धा दिवस वाचतो, कारण दोन बिल्डमधल्या बदलांतच शोधायचं राहतं. वर हा बग मंजुरीच्या यादीतल्या कंट्रोलर तुटण्याच्या अटीत बसतो. तसं लिहिलं की त्याची प्राथमिकता लगेच वर जाते.

पुढच्या वाटेचं उत्तर यातच आहे. नुसतं खेळून बघणारे टेस्टर सगळ्यात आधी कमी होतात. भावाने पहिल्या तीन महिन्यांत मंजुरीच्या टीममध्ये जायचा प्रयत्न करावा. सोनी आणि निन्टेन्डोच्या याद्या गोपनीय असतात आणि नोंदणीकृत डेव्हलपरांनाच मिळतात, म्हणजे घरी बसून त्या शिकता येत नाहीत, नोकरीतच शिकता येतं, आणि म्हणून त्याला किंमत आहे. मोबाइल गेमवर टाकलं तर एडीबीने (अँड्रॉइड फोन संगणकाला जोडून वापरायचं साधन) लॉग काढणं, वीस मिनिटं खेळून फोन तापल्यावर फ्रेम रेट किती पडतो त्याची नोंद, कमी रॅमच्या फोनवर गेम मागे टाकून परत आणणं, हे शिकून घ्यावं. सोबत थोडं पायथॉन. यातून साध्या सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये उडी मारता येते, आणि तिथे पगार निराळा आहे. मराठी-हिंदी उत्तम असेल तर भाषांतर तपासणी हीसुद्धा वाट आहे, पण त्या कामाचे भरती-ओहोटीचे दिवस असतात, त्यावर घर चालवायचा विचार नको.

सीव्हीत बाहेर न आलेल्या गेमचं नाव लिहायचं नाही, लिंक्डइनवर तर नाहीच. "अप्रकाशित कन्सोल गेम, पीएस५ आणि एक्सबॉक्स, मंजुरीपूर्व तपासणी" एवढं चालतं. बाहेर आल्यावर नाव टाकता येईल का ते करारात बघा. श्रेयनामावलीत नाव येईल अशी आशा नको. बाहेरच्या टेस्टरच्या जागी नुसतं व्हेंडरचं नाव टाकून मोकळे होणं सर्रास आहे. रुजू होतानाच "श्रेयनामावलीत वैयक्तिक नाव जातं का" असं विचारलेलं बरं, गेम बाहेर पडल्यावर कोणी ऐकत नाही.

मीठभाकरांच्या मुद्द्याबद्दल. एकट्याने बोलणं कठीण हे खरं, पण या कामात लोक एकत्र आलेच नाहीत असं नाही. अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअर या गेम स्टुडिओच्या टेस्टरनी, डिसेंबर २०२१ मध्ये कंत्राटी सहकाऱ्यांना काढल्यावर संप केला आणि मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन केली. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅनडात एडमंटनला बायोवेअर या स्टुडिओचं काम करणाऱ्या कीवर्ड्स या व्हेंडरच्या टेस्टरनी २०२२ मध्ये एकमताने युनियन केली, २०२३ मध्ये बायोवेअरने कंत्राट वाढवलं नाही आणि त्यांच्या नोकऱ्या गेल्या. रेव्हनचे टेस्टर थेट कंपनीचे होते, एडमंटनचे व्हेंडरचे. मालाडची ऑफर एडमंटनच्या प्रकारची आहे, त्यातही मध्ये आणखी एक कंपनी.

अंगठा

तब्येतीचं राहिलं. कंट्रोलरवर रोज सात-आठ तास एकच हालचाल (तीच उडी, तोच कोपरा, पन्नास वेळा) म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखणं सुरू होतं. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवल्यावर कळ आली तर ऑर्थोपेडिककडे जा, बाम चोळत बसू नका. लीडला सांगून कंट्रोलरची आणि कीबोर्डची कामं आलटून पालटून घ्या: दोन तास खेळ, एक तास बग पडताळणी आणि लिखाण. रेप्रो १०-१० वेळा करायचा असेल तर तो दोघांत वाटता येतो.

डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघायचं. टेस्ट लॅबमध्ये खिडक्या झाकलेल्या असतात, त्यामुळे २० फूट म्हणजे दारापर्यंत उठून जाणंच आलं. आवाजाच्या टेस्टिंगचं काम लागलं तर हेडफोन कोणाचे ते बघा, सामायिक असतील तर कानाच्या संसर्गाची भीती, स्वतःचे न्यायला परवानगी मागा. व्हीआर असेल तर मेटाची स्वतःची सूचना दर ३० मिनिटांनी १०-१५ मिनिटं विश्रांती अशी आहे, टेस्ट प्लॅन त्याच हिशोबाने आखलेला हवा.

घरात कोणाला फिट्स येत असतील, तर रुजू होतानाच सांगून लखलखत्या दृश्यांच्या तपासणीतून नाव काढून घ्यायचं. यात लाज नाही.

लॅबमधली थंडी हा विनोदाचा विषय नाही. चालू कन्सोल साधारण २०० वॅट खातो, वीस किट म्हणजे ४ किलोवॅटचा हीटरच. म्हणून एसी किटच्या हिशोबाने सोडलेला असतो, माणसांच्या नाही. मे महिन्यातही स्वेटर न्यावा.

ठाकुर्लीकर

मनुष्यबळ कंपनीशी बोलणं झालं. आठवड्याला ६ दिवस, ८ तास काम अधिक १ तास सुट्टी असं लेखी द्यायला तयार आहेत, व्हेंडरचा पत्ताही टाकतील. ओव्हरटाइमचं वाक्य काढणार नाहीत म्हणतात, "स्टँडर्ड फॉरमॅट आहे". ५०,००० च्या बॉन्डबद्दल काहीच बोलले नाहीत.

पगारपत्रक

६ दिवस, ८ तास लेखी आले हे मोठं काम झालं. ४८ ची रेघ कागदावर आली, त्यापुढचं सगळं आपोआप जादा ठरतं. ओव्हरटाइमचं वाक्य राहू दे. कायद्याने मिळणारा हक्क सही करून सोडता येत नाही. फक्त स्वीकृतीच्या ईमेलमध्ये एक ओळ घाला: "४८ तासांपुढील काम लागू कायद्यानुसार धरले जाईल असे मी समजतो." उत्तर नाही आलं तरी चालेल.

बॉन्डवर गप्प बसू नका. नोकरीच्या बॉन्डला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात मान्यता दिली आहे, तेव्हा "बॉन्ड बेकायदा असतो" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण तिथे भरतीवर झालेल्या खर्चाचा प्रश्न होता. इथे तीन दिवसांचं ओरिएंटेशन देऊन ५०,००० मागायचे तर खर्च दाखवावा लागेल. त्यांना लिहा: प्रशिक्षण किती दिवसांचं, त्याचा खर्च किती, आणि रक्कम दर महिन्याला कमी होत जाईल का. सहा महिन्यांचा बॉन्ड असेल तर प्रत्येक पूर्ण महिन्याला सहावा हिस्सा वजा, हे मागणं रास्त आहे आणि बऱ्याचदा मान्य होतं. आणखी एक अट घालून घ्या: कंपनीने प्रोजेक्ट संपवून ७ दिवसांत घरी पाठवलं तर बॉन्ड लागू नाही. हे लिहिलेलं नसतं आणि नंतर फुल अँड फायनलमधून (सोडतानाच्या शेवटच्या हिशोबातून) कापतात.

मूळ मार्कशीट किंवा कोरा सही केलेला चेक मागितला तर द्यायचा नाही. साक्षांकित प्रत द्या.

सोडताना: नव्या वेतन संहितेत राजीनामा किंवा कामावरून काढल्यावर सगळं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. ४५ दिवसांची जुनी सवय अजून गेलेली नाही, म्हणून शेवटच्या दिवशीच ईमेलने मागणी करा. आणि पुढच्या नोकरीत तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या. नवीन काढून दिला तर दोन खाती जोडताना नावातल्या एका स्पेलिंगवरून महिनोन्महिने खेटे पडतात.